कानाच्या मशीनचा सेल

कृष्णातनं अर्ध्या उत्तरेश्वर पेठेच्या लग्नांचे फोटो काढले, पण त्याचा स्वतःचा फोटो घरात एकच. तो भिंतीवर, हार घातलेला. आधार कार्डावरनं मोठा केलेला. आधार कार्डावर माणूस जसा दिसतो तसाच तो त्यात दिसतो, म्हणजे काहीतरी चोरताना नुकताच सापडल्यासारखा. तो जाऊन तीन वर्षं झाली. त्याची बायको, संयोगिता वहिनी, रोज सकाळी त्या चेहऱ्याला उदबत्ती ओवाळतात.

आणखी एक फोटो होता, पण तो कॅमेऱ्यात. शेवटच्या आजारपणाआधी एकदा गच्चीवर कृष्णातनं आपला जुना रोलचा कॅमेरा वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाला, आज माझा काढ. हसत होता म्हणे. रोल मात्र तसाच राहिला, कारण त्यात सहा-सात फोटो शिल्लक होते आणि अर्धवट रोल धुवायला टाकणं कृष्णातच्या धर्मात बसत नव्हतं. वहिनींनी तो धर्म पुढं चालवला. आता त्यांना ते उरलेले काढून रोल संपवायचा होता, तर उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मेलेला. कृष्णातच्या मित्रमंडळींत जुने कॅमेरे उघडून बसायचा नाद मलाच, म्हणून मला बोलावणं आलं.

आधी सेल बघायचा असतो. तळाची चकती फिरवली, तर आतला सेल फुटून हिरवागार झालेला. व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून ती जागा घासून काढली. तसला सेल आता बाजारात मिळत नाही. भोवती कागदाची गुंडाळी केली तर कानाच्या मशीनचा चालतो. ते मशीन घरात होतं, कृष्णातच्या आईच्या, धोंडुबाईंच्या कानात. मागितल्यावर त्यांनी लगेच काढून दिलं.

"न्या की. आता ऐकण्यासारखं बोलतंय कोण ह्या घरात?"

सून शेजारीच उभी होती. तिनंही हरकत घेतली नाही.

सेल बसवून वहिनींना घेऊन मी गच्चीवर गेलो. काटा हलला. पण भर दुपारी, टळटळीत उन्हात, तो अंधार दाखवू लागला. भिंगाच्या वर मीटरची बारीक काच असते, ती लाल झाली होती. नखानं खरवडलं. कुंकू.

"खंडेनवमीला पुजते की, भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं हत्यार हाय. मागचं दार उघडून आतनंबी पुसते. त्यास्नी धूळ चालायची न्हाय."

मी काच साफ केली. काटा मधोमध येऊन थांबला. फोटो मोजणारा आकडा मात्र शून्यावर होता. मागचं दार उघडलं की तो आपोआप शून्यावर येतो.

मी बराच वेळ कापूस शोधत राहिलो. तो हातातच होता. दुरुस्त झालाय तर तोंड असं का केलंय, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं.

"वहिनी, रोलला उजेड लागला की काढलेलं जातं."

"समदं?"

"रोलच्या डबीत गुंडाळलेले राहतात. जे अजून काढलेलेच नाहीत, ते."

त्या पदरानं कॅमेरा पुसायला लागल्या, मग त्यांचा हात मध्येच थांबला.

"म्हंजे मीच पुसलं की त्यास्नी," असं म्हणून त्या खाली गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात भिंतीवरचा फोटो होता. हार काढलेला. त्यांनी तो पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला, काच पुसली, जरा डावीकडं सरकवला.

"ह्योच काढा. गच्ची तर तीच हाय."

उजेड अगदी बरोबर होता. रोल संपेपर्यंत मी तोच चेहरा काढला, सापडल्यासारखा.

एवढ्यात जिन्याच्या दाराशी धोंडुबाई येऊन उभ्या राहिल्या. कानात काही नसल्यामुळं त्यांचा आवाज शेजारच्या दोन-चार गच्च्यांना पुरेल एवढा होता.

"आला व्हय गं माझ्या कृष्णाचा फोटू?"

वहिनींनी मान हलवून हो म्हटलं.

सेल परत द्यायला मी जरा उशीरच केला.