भाड्याची छत्री

मुलीने डोक्यावर धरलेली फाइल काखेत मारली, धावत येऊन सरळ रुस्मिनीबाईंच्या छत्रीखाली घुसली आणि त्यांच्या हातातला दांडा आपल्या हातात घेतला.

“बसथांब्यापर्यंत हं, मावशी. जरा घाई आहे.”

आणि ती चालायलाही लागली.

रुस्मिनीबाईंना बोलायची सोय नव्हती. दर गुरुवारी दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोर काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या धरून बेपत्ता झालेल्यांच्या घरची ही मंडळी तासभर उभी राहत, ती मुकाट्याने. त्या तासात तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचाच नियम. शेजारी उभ्या असलेल्या मारबुनकाकांनी डोळे वटारले, ओठ उघडले, आणि नियम आठवून पुन्हा मिटले.

जकार्तात पाऊस आला की छत्र्या भाड्याने देणारे रस्तोरस्ती दिसू लागतात. गिऱ्हाईक छत्री घेऊन पुढे चालतं, मालक भिजत मागे. मुलीचा तोच समज झाला होता. आता छत्री तर परत हवी. रुस्मिनीबाई चिंब भिजत तिच्या मागे निघाल्या.

छत्रीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सप्तो कुठे आहे?’ आत असलेल्याला ते दिसत नाही. रुस्मिनीबाईंचा हा मुलगा कॉलेजातून मोर्चाला गेला तो परतलाच नाही. त्याचे वर्गमित्र आता टकले झाले होते. गुरुवारी जाता-येता एखादा स्कूटरवाला हटकून ओरडायचा, “काय मावशी, आज जेवणाचं पाकीट मिळालं का?” पैसे घेऊन उभे राहतात, असंच पुष्कळांना वाटे. दूर सोलो शहरात राहणारी त्यांची लेक एन्दा तर परवा फोनवर म्हणाली, “आई, बघतं तरी का कुणी तुमच्याकडे? पुरे झालं. माझ्याकडे ये आता.” आणि रुस्मिनीबाई हो म्हणाल्या होत्या. सामान बांधून झालं होतं. हा त्यांचा शेवटचा गुरुवार होता, आणि हे मारबुनकाकांना सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता.

थांब्यावरचे लोक टकामका बघू लागले. मुलीने छत्री झटकायला वाकडी केली आणि अक्षरं तिच्या समोर आली.

“मावशी, हे काय?”

रुस्मिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“अगंबाई! तुम्ही ते आंदोलनवाले होय? मी बसमधून बघते ना तुम्हाला, भर उन्हातसुद्धा. मला वाटायचं, काय ही धंद्याची चिकाटी!”

रुस्मिनीबाईंना खुदकन हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. एवढी वर्षं उभं राहून मिळवलं काय, तर छत्रीवाल्यांची पत. राग यायला हवा होता. पण फार, फार एकटं वाटलं.

मुलीने भाड्यासाठी काढलेली नोट मुठीत चुरगळली.

“सप्तो म्हणजे तुमचा मुलगा?”

त्यांनी मान हलवली.

“कसा होता हो स्वभावाने?”

पत्रकार विचारत, कधी गेला. साहेबलोक विचारत, पुरावा काय. हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. तास अजून संपला नव्हता, तरी रुस्मिनीबाई बोलल्या.

“खादाड होता मेला. सोयाबीनचं टेंपे तळायला घेतलं की कढईतूनच उचलायचा. बोटं भाजली तरी. मोर्चाला निघाला तेव्हासुद्धा चार तुकडे खिशात कोंबून गेला. सगळा शर्ट तेलकट. मी ओरडले त्याला.”

मुलीने छत्री सरळ केली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. बस आली तशी ती गडबडली.

“मावशी, निघते मी. पुढच्या गुरुवारी पाऊस असला तर असाल ना?”

रुस्मिनीबाईंनी तिच्या हातातून छत्री घेतली.

“पाऊस नसला तरी असते मी.”