नवऱ्याच्या हातावरची चाचणी

बायकोचं ब्यूटी पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि तिची प्रयोगशाळा नवऱ्याच्या डाव्या हातावर. नवरा जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारायच्या नोकरीत होता. उजवा हात सरकारचा, डावा बायकोचा, अशी वाटणी कधीच होऊन गेली होती. नवं क्रीम किंवा नवं ब्लीच आलं, की रविवारी सकाळी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने चौकोन आखला जायचा, त्यात माल लावला जायचा आणि वर तारीख पडायची. सोमवारी दाखला घ्यायला आलेले लोक तो हात बघून, काहीतरी संसर्गाचं असणार असं समजून, रांगेत एक पाऊल मागे सरकायचे. त्यामुळे त्याच्या खिडकीशी हुज्जत कोणी घालत नसे.

बायको अडाणी होती असं मुळीच नाही. तिने रीतसर कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. ज्याच्या चेहऱ्याला लावायचं त्याच माणसाच्या कानामागे आधी थोडं लावून बघायचं, हे तिला तिथे घोकून घोकून शिकवलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या कानामागे लावून ‘आता उद्या या’ म्हटलं, की गिऱ्हाईक उद्या समोरच्या पार्लरमध्ये जातं. नवरा कुठे जाणार?

मागच्याच महिन्यात एका ब्लीचने त्याचा हात लाल झाला होता आणि तो ‘आई गं’ म्हणाला होता. बायकोने ते पार्लरभर केलं. मग आठवडाभर येणारी प्रत्येक बाई हाताची चौकशी करून फिदीफिदी हसत होती, आणि त्याला ‘लोणी’ असं नाव पडलं. तेव्हापासून त्याने ठरवलं होतं, हाताचा कोळसा झाला तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. पुरुषांचे निश्चय नेमके असल्याच ठिकाणी खर्ची पडतात.

अशात ती बाटली आली. लॅक्टिक ॲसिड, तीस टक्के. आणणाऱ्या विक्रेत्याने सांगितलं, हे दुधातलं असतं, मेलेली कातडी अलगद काढतं आणि खालून नवा चेहरा वर येतो. ॲसिड म्हटल्यावर बायको बिचकली होती, पण दूध म्हटल्यावर निवली. दुधाने कोणाचं वाईट झालंय? बाटलीसोबत घडीचा एक कागद होता. नवीन माणसाने पाच टक्क्यांपासून सुरुवात करावी, आठवड्यातून एखाद्या वेळीच लावावं, रेटिनॉलची क्रीम चालू असेल तर हात लावू नये, नंतर सनस्क्रीनशिवाय उन्हात फिरू नये, तीस टक्के फक्त जाणकारानेच वापरावं, आणि आधी त्याच माणसाच्या त्वचेवर चाचणी करून चोवीस तास थांबावं, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. कागद चांगला जाड होता. पार्लरची खुर्ची डुगडुगत होती, तिच्या पायाखाली तो अगदी मापात बसला.

रविवारी चौकोन आखला गेला. दहा मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं, असं सांगून बायको बाहेर कोणाचे तरी केस कापायला गेली. पहिल्याच मिनिटात चौकोनात मुंग्या आल्या आणि लगेच त्या चावायला लागल्या. नवरा चोरपावलांनी बेसिनपाशी गेला, आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडला, हात धुतला, टिपला, आणि दहा मिनिटं भरेपर्यंत विजयी चेहऱ्याने बसून राहिला. सोमवारी हात लख्ख होता. काही झालं नाही, असं त्याने सांगितलं. ‘बघा, जमतं की तुम्हाला,’ असं बायको म्हणाली, आणि त्या दिवशी त्याचे शिक्के जरा जोरात उमटले.

बुधवारी मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या भूगोलात दोनदा नापास व्हायचा मान नवऱ्याने लहानपणी मिळवला होता. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याच दिवशी त्यांचा फोटो काढून शाळेच्या व्हरांड्यात लागणार होता. तिथे आधीचे अकरा मुख्याध्यापक ओळीने टांगलेले होते, अकराच्या अकरा पुरुष. पहिल्या बाई याच. जन्मात त्यांनी तोंडाला साबणापलीकडे काही लावलं नव्हतं. पण त्या अकरांच्या शेजारी आपण दमलेल्या दिसायला नको, एवढं मात्र त्यांना फार मनापासून वाटत होतं, आणि ते त्यांनी खाली बघत सांगितलं.

बायकोने ब्रश बाटलीत बुडवला. घाबरू नका, म्हणाली, यांच्या हातावर दहा मिनिटं ठेवून पाहिलंय.

पडद्यामागे नवरा चहा पीत होता. तो कप त्याच्या हातातच राहिला. उठून दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पण ते बोललं की मोठ्या बाईंच्या देखत तो कायमचा ‘लोणी’ झाला असता. शिवाय बाईंची कातडी जाड असेल, त्याने स्वतःला समजावलं. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस तो. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याएवढा हुशार वकील मिळत नाही. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

“चरचरतंय गं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“थोडं सोसा, बाई. यांना तर काहीसुद्धा झालं नव्हतं.”

मग बाईंनी दातांतून श्वास आत ओढला, तो त्याला पडद्याआड ऐकू आला. तेव्हा कुठे त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, कान तापवणारी. तो पडदा सारून बाहेर आला.

“धू ते,” तो म्हणाला. “मी मिनिटात धुतलं होतं.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंच्या तोंडावर गार पाण्याचे हबक्यांवर हबके मारत राहिली. डावा गाल वाचला. उजव्या गालावरून ब्रशने सुरुवात केली होती. तिथे तळहाताएवढा लालभडक डाग उठला होता. मोठ्या बाईंनी आरसा मागितला, बराच वेळ बघितलं आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

“किती वेळात धुतलंस?”

“एका मिनिटात.”

त्या नुसत्या बघत राहिल्या. “पाऊण,” तो म्हणाला.

“आणि आज पडद्यामागे किती वेळ बसला होतास?”

त्याने डावी बाही कोपराखाली ओढून घेतली. मोठ्या बाई बायकोकडे वळल्या. “आणि तू. गाल माझा होता, मी इथेच बसले होते. तू त्याच्या हाताला कशाला विचारलंस?”

त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं. डाग जाईल, पण पंधरा दिवस लागतील, म्हणाले. शुक्रवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी फोटो लागला. अकरा मुख्याध्यापक नाकासमोर बघत होते आणि मोठ्या बाईंनी उजवा गाल दिसू नये म्हणून मान वळवलेली होती, ती नेमकी त्या अकरांच्या दिशेने. मोठ्या बाई गेल्या तरी यांच्यावर लक्ष ठेवून राहणार, असं कोणीतरी भाषणात म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाईही हसल्या. हसताना गाल ओढला गेला तसं त्यांनी डोळे मिटले, ते शेवटच्या रांगेत बसलेल्या या नवराबायकोलाच कळलं.

घरी परतताना निम्म्या रस्त्यात बायको त्याच्याकडे वळली.

“चरचरलं होतं, तर मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

“तू हसली असतीस.”

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. मग तिची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली.

“हो,” ती म्हणाली. “हसले असते.”