शिळं पाणी

डॉक्टर कुलथ्यांनी माझ्या छातीत पाणी झाल्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी सोसायटीतले लोक हंडे घेऊन आमच्या दारात रांगेला उभे राहिले. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, आणि शालन, माझी बायको, जिन्यात कुणाजवळ तरी बोलून गेली होती.

प्लंबरने पाठीत, उजव्या फासळ्यांच्या मध्ये तोटी बसवली. माझा हात तिथे पोचत नाही. पहिला मान सेक्रेटरी बिडव्यांचा. त्यांनी ओंजळभर पिऊन पाणी गोड असल्याचं जाहीर केलं. मला बरंच वाटलं. दोन हंडे गेले की मला कुशीवर आडवं होता यायचं, शिवाय आजारी माणूस कुणाच्या उपयोगी पडला की थोडा फुशारतोच.

रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी मी कित्येक वर्षं घेतोय. कॅन्सर तिनेच दाबून ठेवलाय आणि छातीतलं पाणीही तिच्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, ती थांबवू, पाणी ओसरलं की दुसरी देऊन बघू. हे कळताच बिडव्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. गोळी चालू ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत शालनही होती. रोज सकाळी ती गोळी माझ्या जिभेवर ठेवायची आणि गिळेपर्यंत हनुवटी धरून बसायची.

मग हृदय अडखळायला लागलं. प्लंबरने पाठीला कान लावला.

"मोटर हवा धरतेय," तो म्हणाला, आणि चार बुक्क्या घातल्या.

मला तर हवा मिळत नव्हती. भयंकर संताप आला, पण संतापायलाही श्वास लागतो.

आज सकाळी खालून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. रांग क्षणात मोडली. ताजं आलं की शिळं ओतून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. घराघरांतून मोरीत हंडे उपडे झाल्याचा आवाज आला. ते माझंच पाणी होतं. गोळीचा ठराव रद्द करायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. आजची गोळी शालनने दिली होतीच.

मी तिला म्हटलं, "तोटी थोडी सोड गं. दम लागतोय."

"ते शिळं आता कोण घेणार?" ती म्हणाली. "उगाच घर ओलं करू नका."

तिने तोटी घट्ट पिळली आणि हंडा घासायला घेतला. मी तिला पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं. पाणी खालच्या दातांपर्यंत आलं होतं. फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.