काळी स्क्रीन कोण बघतं?

"डावीकडे, खालच्या कोपऱ्यात. नीट बघ."

"काकू, काही नाहीये तिथे."

"दुकानातले दिवे बंद कर, म्हणजे दिसेल."

"अहो, गिऱ्हाईकं येतील."

"आली तर आली. अंधारात खाणार नाही मी त्यांना. कर बंद!"

हितेशने मुकाट्याने शटर अर्धं ओढलं आणि दिवे घालवले. नौपाड्यात आमच्या बिल्डिंगखालीच त्याचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. मुलगा कामाला चांगला, पण म्हाताऱ्या माणसांना काही कळत नाही असं त्याने गृहीतच धरलेलं असतं. त्याने माझ्या टॅबवर एक काळंकुट्ट चित्र उघडलं, ब्राइटनेस पूर्ण वाढवला, आणि मग त्याला दिसलं. कोपऱ्यात पिवळट पांढरा उजेड, दाराखालच्या फटीतून येतो तसा.

"हां, बॅकलाइट ब्लीडिंग," तो म्हणाला.

"ब्लीडिंग म्हणू नकोस मेल्या. बत्तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केलीय मी, दचकायला होतं."

तो हसला आणि समजावून सांगायला लागला. या स्क्रीनच्या मागे दिवा कायम चालू असतो. काळं दिसतं तेव्हाही तो विझत नाही, पुढचा पडदा त्याला अडवतो, इतकंच. कडेची फ्रेम कुठे जास्त आवळली गेली किंवा सैल राहिली, की तिथून उजेड झिरपतो.

मला काय शिकवतो! मी एक्स-रे काढायचे. डार्करूमच्या दाराला केसाएवढी फट राहिली तरी फिल्म धुरकट व्हायची आणि डॉक्टर माझ्या नावाने ओरडायचे. काळं म्हणजे काळं, ही माझी बत्तीस वर्षांची शिस्त. तीही मी त्याला ऐकवली.

"बरोबर आहे काकू. पण हे फक्त काळ्या स्क्रीनवर दिसतं. आणि काळी स्क्रीन एवढा वेळ कोण बघतं?"

"मी पिक्चर बघते. त्यात असतात अंधाराचे सीन."

"कधीपासून दिसतंय? टॅब पडलाबिडला होता का?"

"माझ्या हातून काही पडत नाही. जानेवारीत घेतला तेव्हा अगदी स्वच्छ होता. जूनपासून बिघडलाय."

"पडला नसेल तर हा फॉल्ट पहिल्या दिवसापासूनच असणार," हितेश दिवे लावत म्हणाला. "कारखान्यातूनच येतो. जूनपासून फक्त तुम्हाला दिसायला लागला."

मी टॅब उचलला आणि वर घरी आले.

जूनमध्ये काय झालं ते मला चांगलं ठाऊक होतं. जूनपासून माझ्या मुलाने, सौमित्रने, कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली.

तो घोडबंदर रोडला राहतो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर. एकटाच. लग्न कर म्हणून मी आठ वर्षं घसा कोरडा केला आणि मग नाद सोडला. टॅब त्यानेच दिला माझ्या वाढदिवसाला, सिम कार्डही त्यानेच घातलं, आणि रोज सकाळी आठला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल हा नियमही त्याचाच. सुरुवातीला मजा होती. तो चहा पिताना दिसायचा, मागे त्याची ती मोठी खिडकी, खिडकीत येऊरचा डोंगर. रविवारी जेवायला यायचा. जूनमध्ये रविवार बंद झाला. "आई, घोडबंदरचं ट्रॅफिक म्हणजे..." असं तो म्हणायचा, आणि ठाण्यात ही सबब कुणाच्या बापाला खोडता येत नाही. त्याच सुमारास चेहराही बंद झाला. कधी नेट स्लो, कधी आत्ताच उठलोय, कधी ऑफिसची मीटिंग चालू आहे. स्क्रीनवर नुसता काळोख, मधोमध एक गोल आणि त्या गोलात इंग्रजी एस. त्या एसशी मी साडेचार महिने बोलत होते.

बोलताना माणूस कुठेतरी बघणार ना? मी तो कोपरा बघायचे.

मला सौमित्रचा चेहरा बघायचा होता. बास, एवढंच. पोटच्या पोराचा चेहरा दिसावा ही काही फार मोठी मागणी नाही. पण तोंडाने मागायचं कसं? दोन वर्षांपूर्वी तो वेगळा राहायला निघाला तेव्हा मी जिन्यात उभी राहून ओरडले होते, "जातोयस ना, मग बॅगा घेऊन परत या दारात यायचं नाही!" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. माझी जीभच तशी आहे. पुढे सगळं सुरळीत झालं, तो येत-जात राहिला, पण ते वाक्य काही मी मागे घेतलं नाही. आता आपणहून 'मला तुझी आठवण येते' म्हणायचं म्हणजे हरल्यासारखंच झालं असतं.

म्हणून मी उलटंच बोलायचे. सोमवारी हास्यक्लब, गुरुवारी भजनी मंडळ, शनिवारी मैत्रिणींबरोबर तलावपाळीला फेरी. "अरे, मला मेलीला वेळ कुठे आहे!" खरं सांगायचं तर मंडळ मार्चमध्येच सुटलं. पेटी वाजवणाऱ्या आसावरीशी आधी कुठलं भजन घ्यायचं यावरून वाजलं. ती म्हणाली, "उत्तराताई, तुमचं नेहमीचंच आहे हे." मी उठून आले ती आलेच. वाटलं होतं, समजूत घालायला कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. हास्यक्लबातही त्याच बायका, तेही सुटलं. आता सकाळी जाईबाई भांडी घासायला येते, अर्धा तास. ती गेली की दिवसभर घर खायला उठतं.

दुसऱ्या दिवशी आठच्या कॉलवर मी सौमित्रला डागाबद्दल सांगितलं. वॉरंटीत टॅब बदलून मिळेल, पण बिल लागेल आणि ते तुझ्या नावावर आहे, असंही सांगितलं.

"एवढ्याशा डागाने काय होतंय, आई? ब्राइटनेस कमी कर, दिसणार नाही."

"मला दिसतो ना!"

"बरं, बिल मेल करतो."

"मेल नको. मीच येते घ्यायला."

"अजिबात येऊ नकोस!" तो एवढ्या जोरात म्हणाला की माझ्या हातातला चहा हिंदकळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे, ट्रॅफिक असतं गं. दोन-तीन तास जातील. आज गुरुवार, तुझं मंडळ बुडेल उगीच."

कॉल संपल्यावर मला रडू आलं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे. आई घरी यायला नकोय, हे इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग आलाच राग. डोळे पुसले, टॅब पिशवीत घातला आणि निघाले. येऊ नको म्हणतो काय! बिल ही माझी हक्काची सबब होती, ती मी का सोडू? चेहरा बघेन, बिल घेईन, पाणीसुद्धा न पिता परत येईन, असं ठरवून स्टेशनवरून बस पकडली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालं. आधी बस मिळेना, मिळाली तर कापूरबावडीला पाऊण तास जागची हलेना. त्याच्या सोसायटीच्या गेटवर पोचेपर्यंत बारा वाजत आले होते.

वॉचमनच्या खिशावर नाव होतं, रघु. "कुणाकडे, मावशी?"

"एकोणीसशे चार. सौमित्र कर्णिक. मी त्यांची आई."

तो मोबाइलमध्ये बघायला लागला आणि थांबला. "कर्णिक सर? ते सोडून गेले ना. जूनमध्येच. आता तिथे दुसरी फॅमिली राहते."

"तू चुकतोयस. नीट बघ."

"नाही मावशी. मीच टेम्पोत चढवलेलं त्यांचं सामान." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पाणी आणतो."

मी बसले. साडेचार महिने मी रोज विचारत होते, डोंगर दिसतोय का रे आज? आणि तो सांगत होता, हो आई, हिरवागार झालाय. पावसात तर म्हणाला होता, वरून पाणी वाहताना दिसतंय.

मी टॅब बाहेर काढला आणि पहिल्यांदाच आपणहून त्याला व्हिडिओ कॉल लावला. लावताना कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला.

तोच काळोख, तोच गोल. भर उन्हात कोपऱ्यातला उजेड मात्र दिसत नव्हता.

"आई? या वेळेला? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"तू दिसत नाहीयेस. कॅमेऱ्यावर बोट आलंय बघ तुझं."

"राहू दे. कसं वाटतंय काळं बघायला?"

"असं काय बोलतेस? बोट काढ ना, आई. काढ लवकर."

त्याचा आवाज खरंच घाबरलेला होता. मी आपली समजत होते की तिकडे फोन बाजूला ठेवून तो दात घासत असेल, मेल वाचत असेल. तो तर रोज मला बघत होता.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"घरी. अजून कुठे असणार?"

"डोंगर दिसतोय?"

तो अडखळला. "हो. दिसतोय की."

मी अंगठा काढला आणि टॅब हातभर लांब धरला. माझ्या मागे ते मोठं गेट, गेटवर सोसायटीचं सोनेरी अक्षरांतलं नाव, आणि बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन उभा असलेला रघु.

मग तो गोल गेला आणि सौमित्र आला.

मागे गुलाबी भिंत होती. भिंतीला उभी टेकवलेली गादी, दोरीवर दोन शर्ट. त्याची दाढी वाढली होती आणि दाढीत पांढरे केस होते. माझ्या मुलाला पांढरे केस आलेत हे मला ठाऊक नव्हतं.

"कुठे आहे हे?"

"टिटवाळा. एक खोली घेतलीय. मेमध्ये कंपनीने आमची अख्खी टीम काढली, आई. तो फ्लॅट नसता परवडला. आणि कॅमेरा लावला असता तर ही भिंत बघून तुला लगेच कळलं असतं."

"घरी का नाही आलास, गाढवा?" मी ओरडले तसा रघु दोन पावलं मागे सरकला. "तुझी खोली आहे ना तिथे! रोज केर काढते मी तिचा!"

"तूच म्हणालेलीस. बॅगा घेऊन यायचं नाही."

"रागात बोलले रे ते!"

"नंतर कधी काही म्हणालीही नाहीस." तो खाली बघत होता. "शिवाय तू इतकी मजेत असायचीस. मंडळ काय, हास्यक्लब काय. म्हटलं, हिचं छान चाललंय, आपण कशाला घोर लावायचा. सकाळी तुला बघितलं ना, की मग दिवस निघायचा माझा. बाकी दिवसभर इथे कुणाशी बोलणंच होत नाही."

एकाच रेल्वे लाइनीवर आम्ही दोघं, तो तिकडे आणि मी इकडे, एकेका खोलीत एकेकटे बसलो होतो आणि रोज आठ वाजता एकमेकांना आपलं उत्तम चाललंय म्हणून सांगत होतो.

"बॅगा भर," मी म्हटलं. "आजच्या आज ये."

त्याने हाताने तोंड पुसलं आणि मान हलवली. "येतो. पण आज नको, आज गुरुवार. तुझं मंडळ संध्याकाळी सहाला ना? उद्या येतो. तुझ्या वेळा सांग मला, तशी निघेन."

बसमधून येताना मी त्याला सुनावायचं म्हणून काय काय ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"मंडळ नाहीये, सौमित्र," मी म्हटलं. "मार्चपासून नाहीये. हास्यक्लब नाही, तलावपाळी नाही, कुणी नाही. मी कुठेच जात नाही रे."

मला वाटलं, आता हा चिडणार. चिडायला हवंच होतं.

"मग रोज सकाळी आठला ती इस्त्रीची साडी, त्या मोत्याच्या कुड्या," तो म्हणाला, "एवढी तयार होऊन तू कुठे जायचीस, आई?"

"तुझा फोन यायचा ना," मी म्हटलं.