घागर काढायची तर माझ्याकडे बघा

रंगनाथ गुरुजींची एक खोड मी सात वर्षं सोसली. दर बुधवारी ते मला कपाटातून काढायचे, स्टुलावर मांडायचे, फडक्यानं पुसायचे आणि मग पोरांना सांगायचे, "हं, आता फळ्याकडे बघा." फळ्यावर त्यांनी खडूनं स्वतःच एक घागर काढलेली असायची. गोल, गुळगुळीत, दोन्ही अंगांनी सारखी. पोरं तीच वहीत उतरवायची. मी आपली स्टुलावर बसून, लग्नाला बोलावलेल्या पण पंगतीला न विचारलेल्या विहिणीसारखी.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घागर आहे. जुनी म्हटलं तरी चालेल, मोडकी म्हणू नका. नाशिकच्या तांबट लेनीत पुंजाराम तांबटाच्या हातून माझा जन्म झाला. त्यानं बूड घडवलं, पोट फुगवलं, गळा जोडला आणि मग हातोडी घेऊन मला मठारायला बसला. माझ्या अंगावर बारीक टिकल्या चमकतात ना, ती एकेक टिकली म्हणजे हातोडीचा एकेक ठोका. एखादा ठोका ढिला पडला की पुंजाराम म्हणायचा, "हे चालणार नाय." आणि तिथं परत ठोकायचा. शिकणं म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. बाकी मला अक्षर येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

पेठ नाक्याजवळच्या एका शाळेनं मला पाण्यासाठी विकत घेतलं. शाळेची शिपाईण बयाबाई मला कडेवर घेऊन यायची, तेव्हा चारशे पोरं माझ्याकडे तोंड करून उभी राहायची. एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटून माझ्या पोटाला मोठा पोचा आला, पण पाण्याचा एक थेंब कधी गळला नाही. मग शाळेत नळ आला, सिमेंटची टाकी आली, आणि माझी रवानगी चित्रकलेच्या कपाटात झाली.

चित्रकला आणि गाणं, दोन्ही रंगनाथ गुरुजींकडेच. माणूस मायाळू. पोरगं रडलं तर स्वतःच्या रुमालानं नाक पुसायचे. पण पोरं चुकतील, हिरमुसतील, या धास्तीनं अवघड काही म्हणून द्यायचेच नाहीत. कुठल्या तासाला काय शिकवायचं ते मास्तर आधी टाचणवहीत लिहून ठेवतात. आमचे गुरुजी दर जूनला जुनी वही उघडायचे आणि नव्या वहीत तेच टाचण उतरवायचे. मास्तर उतरवणारा, म्हणून पोरंही उतरवणारी. गाण्याच्या तासाला गुरुजी पेटीवर एक ओळ म्हणणार आणि पोरं तीच मागून म्हणणार. सात वर्षांत पाहुणे बदलले, स्वागतगीत तेच.

मग सत्त्याहत्तर साल आलं. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला शाळेची एकोणीस पोरं बसली. तिथं काढायला समोर ठेवली होती किटली आणि दोन वांगी. नाथा नावाचा पोरगा सवयीनं घागरच काढून आला. एकही पास झालं नाही.

मुख्याध्यापक खंडेराव सर वर्गात आले. माझ्यासमोरच बोलले. "रंगनाथराव, पुढच्या वर्षी निम्मी तरी पोरं पास झाली पाहिजेत. नाहीतर चित्रकला आणि गाणं, दोन्ही तास गणिताला देतो. तुम्ही ऑफिसात दाखले लिहीत बसा."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्या दोन तासांशिवाय त्या माणसाला दुसरं काही येतही नव्हतं आणि नकोही होतं.

आणि भ्यालेल्या माणसानं काय करावं? किटली, बादली, कंदील, वांगी, सगळं फळ्यावर काढलं आणि पोरांकडून पाढ्यांसारखं पाठ करून घ्यायला लागले. "कंदील डोळे मिटून काढता आला पाहिजे," म्हणायचे. डोळे मिटून, तेही चित्रकलेच्या तासाला. मला हसावं की रडावं कळेना.

वर्गात शकू नावाची मुलगी होती. हरसूलकडून शिकायला मामाकडे आलेली, बोलायची कमी. एका बुधवारी पुन्हा घागरीची पाळी आली. शकूनं फळ्याकडे पाठ फिरवली आणि मला बघून काढलं. पोट एका अंगानं दबलेलं, काठ कललेला. गुरुजींनी वही पाहिली आणि लाल पेन्सिलीनं फुली मारली.

"घागर अशी असते का गं?"

"हितून अशीच दिसते, गुरुजी."

"फळ्यावर कशी आहे?"

"फळ्यावरची बरोबर हाय. पण ती ही घागर नाय. तुम्ही हितं बसून बघा ना."

पोरं हसली. गुरुजी मात्र खरंच तिच्या जागेवर मांडी घालून बसले. धोतराला खडू लागला तरी उठले नाहीत. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं, पोच्यासकट. मग उठले, फुलीवर खोडरबर फिरवलं. ती पुरती गेली नाही. फळा मात्र स्वच्छ पुसला.

पुढच्या आठवड्यात उत्साहाच्या भरात म्हणाले, "घागरीच्या चकचकीत पोटात सगळा वर्ग दिसतो, तो काढा." अर्धी पोरं रडकुंडीला आली. नाथा म्हणाला, "गुरुजी, किटलीच बरी होती."

बयाबाई दारात झाडत होती. "गुरुजी, लेकरू चालाया लागलं की लगीच सप्तशृंगीच्या पायऱ्या चढवता का त्याला?"

त्या दिवशी गुरुजींनी कोरी टाचणवही आणली आणि जुनी उघडलीच नाही. लिहिताना मोठ्यानं बोलायची सवय होती, म्हणून मला कळलं. पहिल्या तासाला नुसता काठ, आपापल्या जागेवरून. मग जागा बदलून तोच काठ. मग सावली, मग पोचा, आणि वर्गाचं प्रतिबिंब सगळ्यात शेवटी. वर एक ओळ लिहिली, "दर तासाला थोडं अडलं पाहिजे, पण रडू येता कामा नये."

गाण्याच्या तासालाही पोरांनी घरून तांबे, वाट्या, पातेली आणली. मला सा ठरवलं. पाणी कमीजास्त करून बाकीचे सूर पोरांनीच शोधायचे.

"हा रे आहे."

"रे कसला, तुझ्या मावशीचा आवाज आहे तो. एक पेला काढ बाहेर."

भांडणं, सांडणं, जमीन ओली. चित्रात अडखळणाऱ्या नाथाचा कान असा निघाला की पातेल्यातला पेलाभर फरक तो डोळे मिटून सांगायचा. इथं डोळे मिटलेले मला चालले. स्वागतगीताचीसुद्धा पहिलीच ओळ गुरुजी म्हणायचे, दुसरीला चाल पोरं लावायची. काही चाली ऐकवत नव्हत्या. पण त्या पोरांच्या स्वतःच्या होत्या.

परीक्षेला या खेपेला समोर आली उशी, आणि तिच्यावर सायकलचा पंप. दोन्ही वस्तू आमच्या वर्गात कुणी कधी काढल्या नव्हत्या. एकोणिसांतली बारा पास झाली. शकूला वरची श्रेणी मिळाली. नाथा नापास झाला, पण उशी बघून उशीच काढून आला. मी त्याला पास धरते.

खंडेराव सर आले, निकालाचा कागद पाहिला, वर्गातली ओली जमीन पाहिली. "तास राहू द्या," म्हणाले. "पण खाली पोतं अंथरत जा."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी जुनी भांडी, वाद्यं, चित्रं कपाटात पडलेली असतील. त्यांची धूळ झाडा, भांडी चिंच लावून घासा, हे तर सांगतेच. पण नुसतं पुसून मांडून ठेवू नका. आमच्याकडे बघा. आम्हाला वाजवून बघा. जमत नाही असं काहीतरी आमच्याकडून मागून बघा.

निकालाच्या दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर गुरुजींनी स्वतः चिंच आणली आणि मला घासायला बसले. घासताना त्यांच्या अंगठीचा टोला माझ्या काठाला लागला. मी खणखणीत वाजले. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, मी बोलले ते हे:

"गुरुजी, तुम्ही आळशी नव्हता, भित्रे होता. पोरं पडतील म्हणून त्यांना चालूच देत नव्हता. आता सुधारलात, असं मी म्हणते, आणि मी कुणाला उगाच चांगलं म्हणत नाही. पुढच्या बुधवारी मला पालथी ठेवा आणि तुम्ही बाजूला सरका, पोरांना दिसत नाही."