नकाशावरचा पूल

व्हर्ना कोवालने कागदी नकाशा संगणकाच्या पडद्याशेजारी धरला आणि लार्च क्रीक ओढ्याच्या रस्त्यावरून बोट फिरवलं. कागदावर रस्ता थेट हमरस्त्याला मिळत होता. पडद्यावर मात्र ओढ्यापाशी तो तुटला होता.

पलीकडच्या डोंगरात वणवा लागून तिसरा दिवस. खोऱ्यात इतका धूर उतरला होता की भरदुपारी नकाशा-कार्यालयात दिवे लावावे लागले होते. घरं रिकामी करायचा नकाशा न्यायला अग्निशमन दलाचा प्रमुख वेंडल टेव्स दोन वाजता येणार होता. पावणेदोन झाले होते.

"आयव्हर!" तिचा आवाज चिरकला. "तुझ्या या फुकटच्या प्रोग्रामनं रस्ताच खाल्ला बघ."

आयव्हर कार्यालयातले संगणक सांभाळायचा. जुन्या, महागड्या प्रोग्रामचा परवाना खोऱ्याच्या मंडळाने या वर्षी वाढवला नाही, तेव्हा सगळे नकाशे कुणालाही मोफत वापरता येणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यानेच आणले होते. जुन्यावर बावीस वर्षं हात बसलेली व्हर्ना चार महिने रोज त्याच्या नावाने खडे फोडत होती.

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून त्या तुटलेल्या जागी क्लिक केलं.

"खाल्ला नाही. या तुकड्यावर कुणीतरी 'बंद' अशी खूण केलीय. जुन्यात आपण छापायचो तेव्हा ती खूण धरलीच जात नव्हती. इथे धरली जाते."

खुणेखाली शेरा होता. 'पूल वाहून गेला. छापील नकाशा दुरुस्त करणे. व्ही. के.' तारीख नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली.

व्हर्नाने आपलीच ती दोन आद्याक्षरं पुन्हा वाचली. त्या मे महिन्यात पूर आला होता, फोन थांबत नव्हते. खूण करून तिने छपाईचं काम सोमवारवर ढकललं होतं. सोमवारी दुसरंच काही निघालं. त्यानंतर दर वसंतात तोच नकाशा छापून तिने खोऱ्यातल्या घराघरांत पाठवला होता.

दार उघडलं. वेंडलच्या खांद्यांवर राख होती.

"झाला का?" त्याने कागद पाहिला, मग पडदा. "हे काय? नव्या खेळण्यानं घोळ घातला वाटतं?"

आयव्हर सरळ उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. व्हर्नाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. चार महिने तीच तर तसं म्हणत आली होती.

तिने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"घोळ त्याचा नाही. पूल नऊ वर्षांपूर्वीच गेला. मला माहीत होतं, वेंडल. तरी मी तो छापत राहिले."

वेंडलने डोळे चोळले. "क्रीकवरची माणसं त्या वाटेला जायची नाहीत. पूल नाही हे तिथं शेंबडं पोरही सांगेल."

तिचा श्वास जरा मोकळा झाला. पण वेंडल मध्येच थांबला.

"वरचं लाकडी घर मात्र सुट्टीवाल्यांना भाड्यानं देतात."

"तिथं फ्रिजवर आपलाच नकाशा आहे," व्हर्ना म्हणाली. "मीच चिकटवलाय."

वेंडलने रेडिओ तोंडाशी नेला आणि एक गाडी वळशाच्या वाटेने ओढ्याकडे धाडली. व्हर्नाने पडद्यावरचा नकाशा छापायला लावला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती बघत राहिली. अकरा मिनिटांनी रेडिओ खरखरला.

"सापडली. नवरा-बायको, दोन मुली. ओढ्यापाशी गाडी वळवता येईना, म्हणून पायीच वर चढत होते. गाडीत घेतलंय. धाकटी खोकतेय फार, पण ठीक आहे."

वेंडलने नवा नकाशा गुंडाळून काखेत मारला. दारात तो थांबला.

"यावर नंतर बोलावं लागेल, व्हर्ना."

"हो. लागेलच."

तो गेल्यावरही ती उठली नाही.

"आयव्हर, अशा खुणा आणखी किती आहेत?"

त्याने दोन-चार कळा दाबल्या. आकडा मोठ्याने वाचला नाही, पडदाच तिच्याकडे वळवला. यादी एका पडद्यात मावत नव्हती. जवळजवळ प्रत्येक शेऱ्याखाली तीच दोन अक्षरं होती.

व्हर्नाने खुर्ची पुढे ओढली. "वरपासून घे," ती म्हणाली.

आयव्हर दुसरी खुर्ची आणायला गेला.