बाबांचा उशीर

सकाळचे ऊन त्या खोलीत एकदम कधीच शिरत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरल्या टाकीला टेकायचे, तिथून उताराला लागल्यासारखे खाली घसरायचे आणि मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून, परक्या घरात आल्यासारखे, चोरपावलांनी आत यायचे. प्रथम भिंतीवर एक फिकट पट्टा उमटे. तो धड पिवळा नसे, धड पांढरा नसे. फार वेळा धुतलेल्या सुती कापडात जो रंग उरतो, तसा काहीसा असे. पट्टा हळूहळू जाड होत खाली उतरे, पियानोच्या झाकणावरची धूळ उघडी पाडी, कपांचे गोल डाग उजळवी आणि पाय टेकायला जागा शोधत असल्यासारखा जमिनीवर येई. तिथे, पियानोच्या उजव्या अंगाला, लाकडी फळ्यांत बारीक खळग्यांचा एक पुंजका होता. बाबांच्या डबल बेसची, उभ्याने वाजवायच्या त्या अवाढव्य तंतुवाद्याची, टोकदार सळई वर्षानुवर्षे तिथेच रोवली गेली होती. ऊन तिथवर पोचले की ते खळगे क्षणभर पाण्याने भरल्यासारखे दिसत.

धाकटा हे रोज बघत बसे. पंचविशी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत, आणि त्याने स्वतःही त्यापलीकडे फारसे काही होण्याचा आग्रह धरला नव्हता. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. जे बोलायचे ते तो पियानोवर बोले.

बाबांना जाऊन वर्ष होत आले होते. दिवसभर ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी जॅझ वाजवायचे. बाबा बेसवर, ताई ड्रम्सवर, धाकटा पियानोवर. तिघांनी मिळून किती हॉटेलांत आणि किती समारंभांत वाजवले, त्याला गणती नव्हती. पण धाकट्याला खरे बाबा सापडले ते अखेरच्या वर्षात. त्या वर्षी त्यांचे वाजवणेच बदलले. ताल पुढे निघून जायचा आणि बाबांचा सूर त्याच्या मागून, किंचित रेंगाळून यायचा. घरातून निघताना ते नेहमी म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," तसा. त्या रेंगाळण्यावर धाकटा जीव ओवाळून टाकायला तयार होता. आजार मागाहून, एकाएकी आला, असे तो भेटेल त्याला सांगे.

त्या उशिरावरच त्याने एक धून बांधली होती, आणि आज ती याच खोलीत ध्वनिमुद्रित व्हायची होती. तो उशीर तिच्यात उतरला तर बाबा घरात राहतील, नाहीतर कायमचे गेले, असे त्याने मनाशी धरले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते; ताईला मात्र ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

दार वाजले. बाबांच्या जागी वाजवायला बोलावलेली बेसवाली आली होती; घामाघूम, आणि तिच्यामागे भिंतीला टेकलेला तिच्याहून उंच बेस.

"तुमच्या लिफ्टमध्ये दोघं मावत नाहीत," ती धापा टाकत म्हणाली. "हे साहेब लिफ्टने आले, मी जिन्याने."

"बस जरा. पाणी देऊ?" ताईने विचारले.

"इथे उभी राहा," धाकटा मध्येच म्हणाला आणि त्याने खळग्यांकडे बोट दाखवले.

"पाणीसुद्धा न पाजता जागा दाखवली! सासरी आल्यासारखं वाटतंय मला."

ताई हसली. धाकटा माइकची वायर सरळ करत राहिला.

त्यांनी सुरुवात केली. पहिल्या काही मात्रांतच धाकट्याने हात उचलले.

"नाही. तू वेळेवर येतेस."

"वेळेवर आले म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बोलणी खातेय."

"थोडी मागे राहा. आम्ही जिना उतरू लागलो आहोत आणि तू अजून दाराचं कुलूप ओढून बघतेयस, असं."

तिने मान डोलावली. दुसऱ्या खेपेला प्रत्येक सूर तिने मागे धरला. ते कानाला गोडही लागत होते. धाकट्याने पुन्हा थांबवले.

"असं सगळंच उशिरा नाही. बाबा काही सूर अगदी नेमके घ्यायचे आणि काहीच मागे ठेवायचे. कुठल्या सुराला थोपवायचं, हे त्यांना बरोब्बर कळायचं."

"म्हणजे कुठल्या?"

"ते सांगता येत नाही. ते आतून यायला लागतं."

"आतून काय डोंबल येणार माझ्या? मी त्यांना कधी ऐकलंच नाही," बेसवाली म्हणाली. "तुझ्याकडे काही असेल ना? ऐकव की."

ताई ड्रम्सवरच्या झांजेचा घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा पिळू लागली होती. "कशाला उगाच जुनं काढता," ती खाली बघतच म्हणाली. "हिला हिच्या पद्धतीने वाजवू दे ना."

पण धाकट्याने फोन काढलाच. याच खोलीत, गेल्या साली, एका संध्याकाळी त्याने ते वाजवणे टिपले होते. बेसवालीने हेडफोन कानाला लावले, डोळे मिटले, आणि तिचा डावा हात हवेतल्या तारांवरून बाबांच्या मागोमाग चालू लागला. धाकटा त्या बोटांकडे बघत राहिला. कुणीतरी बाबांना पुन्हा उभे करत आहे, असे त्याला वाटले.

तिची बोटे मध्येच थांबली. तिने मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा.

"गंमत आहे," ती हेडफोन उतरवत म्हणाली. "पहिल्या दोन बोटांवर भागतं तिथे ते एकदम चोख आहेत. जिथे करंगळी दाबावी लागते, तिथे उशीर होतोय. प्रत्येक वेळी. आणि इथे तर त्यांनी सूरच बदललाय. मोकळी तार छेडलीये, म्हणजे दाबायलाच नको." ती सहज विचारावे तसे म्हणाली, "त्यांच्या हाताला काही झालं होतं का?"

ताईने स्क्रू सोडून ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश उचलले.

"ती त्यांची शैली होती," धाकटा म्हणाला.

"शैली!" ताईने ब्रश मांडीवर ठेवले. "बस झालं रे आता. वर्षभर गिळून बसलेय मी."

"ताई, तू..."

"करंगळीतली ताकद गेली होती त्यांची. मग तिच्या शेजारच्या बोटातली. तू त्यांच्यापुढे नाचत म्हणत होतास, 'बाबा, असं तर तुम्ही जन्मात वाजवलं नव्हतं!' आठवतंय? त्याच दिवशी ते स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून रडले. आणि मग हसायला लागले. मला म्हणाले, त्याला आवडतंय ना, मग हीच माझी शैली. बोट चालतंय तोवर त्याला काही बोलायचं नाही. शपथ घातली मला."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली होती, ते कुणाला कळले नव्हते. तिने ट्रे पियानोवर ठेवला. बाबा असते तर तिने तो तिथे कधीच ठेवला नसता.

"दुकान त्यांनी उगाच नाही सोडलं, बाळा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "चष्म्याचे ते बारीक स्क्रू हातातून गळून पडायचे. शेवटी शेवटी फ्रेमा घरी घेऊन यायचे. तू बाहेर गेलास की मी बसवून द्यायचे. मलाही धड दिसत नव्हतं. कधी कधी आम्ही दोघं जमिनीवर रांगत स्क्रू शोधायचो आणि हसायचो." तिने पदराने डोळे टिपले. "चहा घ्या. निवतोय."

बेसवालीचा चेहरा उतरला होता. "माझ्या तोंडाला फाटकच नाही. मी बोलायला नको होतं."

धाकट्याने फोन उचलला आणि आवाज मोठा केला. खोलीभर बाबांचा बेस घुमला. आता त्याला उशीर ऐकूच येईना. ऐकू आले ते तारेवर टेकायला निघालेले आणि वाटेतच दमलेले एक बोट. वाजवणे संपले आणि त्याचा स्वतःचाच आवाज फोनमधून उसळून आला, आनंदाने फाटलेला: "परत, बाबा! परत एकदा!" मग एक लांब श्वास. मग बाबांनी तो अख्खा तुकडा पुन्हा वाजवायला घेतला.

त्याने फोन बंद केला.  तो त्याने ट्रेशेजारी पालथा ठेवला.

"वेळेवर वाजव," तो बेसवालीला म्हणाला.

"नक्की?"

"हो. तुला जसं येतं तसं."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ताईच्या ब्रशखाली ताल सळसळू लागला आणि बेसचा प्रत्येक सूर जिथे पडायला हवा तिथे पडला. निरोगी, तरुण हाताचे सूर होते ते. धून चांगली होती. तिच्यात कुठेही बाबा नव्हते, आणि धाकटा न थांबता वाजवत राहिला, कारण थांबला असता तर त्याला एक संध्याकाळ आठवली असती.

ती तरीही आठवली. बाहेर वाजवायला निघायचे होते. तो पियानोपाशी बसला होता आणि बाबा याच खोलीच्या दारात उभे राहून उजव्या बाहीचे बटण लावत होते. डाव्या हाताची बोटे बटणापर्यंत जात होती आणि परत येत होती. बाबांनी नजर वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उठून चार पावले जायचे आणि बटण लावून द्यायचे, एवढेच होते. त्याने नजर खाली वळवली आणि पियानो वाजवायला घेतला. नेहमीपेक्षा बराच संथ, बाबांना गाठता येईल इतका संथ. त्यानंतर तो नेहमीच तसा संथ वाजवत आला होता.

बाबा आजारी आहेत, हे त्याला त्या संध्याकाळीच कळले होते.